गाडीवरची धूळ पेट्रोल पिते का?

एप्रिल संपत आला की नागपुरात सकाळी धुतलेल्या गाडीच्या काचेवर संध्याकाळी बोटानं नाव लिहिता येतं. कुठे सिमेंट रस्त्याचं काम, कुठे पुलाचं खोदकाम, उमरेड रोडला कोळशाचे ट्रक, कोराडी-खापरखेड्याच्या बाजूला वीज केंद्रांची राखड. पावसाळा लागला की धूळ बसते, पण मग काळ्या मातीचा चिखल चाकांच्या वरच्या पोकळीत जाऊन बसतो आणि वाळला की विटेसारखा कडक होतो. अशी गाडी ॲव्हरेज कमी देते, असं अनेकांचं ठाम मत असतं. सर्व्हिसिंगहून धुऊन आणलेली गाडी हलकी पळते, हा त्यांचा पुरावा.

उत्तर आधीच सांगतो. पत्र्यावरच्या पातळ धुळीनं पडणारा फरक इतका लहान आहे की घरी तो मोजताही येत नाही. पत्र्यावर आणि खाली थर धरलेल्या चिखलानं हायवेच्या वेगात थोडा फरक पडतो. खरं पेट्रोल खाते ती बोनेटच्या आत, चाकामागे आणि टायरच्या व्हॉल्व्हमध्ये बसलेली घाण. ती नुसत्या धुण्यानं निघत नाही, आणि लोक नेमकं तिकडे बघत नाहीत.

हवा गाडीला किती मागे ओढते

सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगानं जाणाऱ्या गाडीला मुख्यतः दोन गोष्टी मागे ओढतात. एक, टायर रस्त्यावर दबत-सुटत फिरतात त्यात जाणारी ताकद. दुसरी, समोरची हवा बाजूला सारण्यात जाणारी ताकद. माणसं धरून साडेअकराशे किलोची साधी हॅचबॅक घेऊ. तिचे टायर फिरते ठेवायला साधारण १२ ते १३ किलोचा जोर सतत लावावा लागतो, आणि वेग बदलला तरी त्यात फारसा फरक पडत नाही. हवेचं तसं नाही. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो. ताशी ३० किमीला तो जेमतेम पावणेतीन किलो असतो, ६० ला ११, ८० ला १९, १०० ला ३० आणि १२० ला ४३ किलो.

म्हणजे ताशी ६५ किमीच्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात. त्याखाली टायर जास्त खातात, त्यावर हवा. बर्डीवरून सदरला किंवा मेडिकल चौकातून मानेवाड्याला जाताना वेग ३०-४० च्या वर टिकतच नाही. तिथे पत्रा आरशासारखा चकचकीत असो की राखडीनं करडा झालेला, हवेचा हिस्साच इतका लहान आहे की त्यात धुळीचा हिस्सा शोधण्यात अर्थ नाही. शहरातलं पेट्रोल जातं ते पुन्हा पुन्हा थांबून वेग घेण्यात आणि सिग्नलला एसी लावून उभं राहण्यात. म्हणून धुळीचा प्रश्न विचारायचाच तर तो अमरावती रोड, जबलपूरकडे जाणारा हायवे किंवा समृद्धी महामार्ग यांच्यासाठी विचारायचा.

आता ८० किमीला लागणाऱ्या त्या १९ किलोंच्या आत डोकावू. त्यातला बहुतेक भाग गाडीच्या आकारामुळे येतो: समोर हवा दाबली जाते, मागे डिक्कीच्या पाठीशी पोकळी तयार होऊन ती गाडीला मागे खेचते, खालचा उघडा भाग आणि आरसे हवा ढवळतात. नुसती चाकं आणि त्यांच्या पोकळ्याच एकूण विरोधाचा जवळपास पाव भाग खातात. पत्र्याला हवा घासत जाते त्या घर्षणाचा वाटा साधारण दहावा हिस्सा, म्हणजे दोन किलोंच्याही आत. धूळ ज्याच्यात ढवळाढवळ करू शकते, तो एवढाच.

पण या दोन किलोंतही पातळ धूळ फारसं काही करू शकत नाही. वाहती हवा पत्र्याला चिकटून अगदी हळू सरकते. ताशी ८० किमीला या हळू थराची जाडी साधारण ०.१ मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या एका केसाएवढी असते. गाडीवर बसणारी धूळ आणि राखड यांचे कण बहुतेक यापेक्षा बारीक असतात. ते या थराच्या आत झाकले जातात, वरून जाणाऱ्या हवेला पृष्ठभाग गुळगुळीतच वाटतो. 

तरीही जास्तीत जास्त धरून बघू. समजा धुळीनं हे घर्षण दहा टक्क्यांनी वाढलं. मग हवेचा एकूण विरोध एक टक्का वाढेल, आणि टायरचा विरोध धरून ८० किमीला एकूण ओढ वाढेल अर्धा-पाऊण टक्का. लिटरला १८ किमी देणारी गाडी मग १७.९ देईल. महिन्याला १,००० किमी फिरणाऱ्याचं, तेही सगळं हायवेवर, पाव ते अर्धा लिटर पेट्रोल. हा अंदाज धुळीच्या बाजूनं झुकवून काढलेला आहे, प्रत्यक्षातला आकडा याहून खाली असतो.

वॅक्स, पॉलिश किंवा कोटिंग लावल्यानं ॲव्हरेज वाढतं असं दुकानात सांगितलं जातं, तेही याच हिशेबानं तपासा. रंग टिकावा म्हणून कोटिंग जरूर करा. पेट्रोल वाचावं म्हणून करू नका.

मग ही समजूत आली कुठून

ती अगदीच हवेतली नाही. ग्लायडरच्या पंखांवर किडे चिकटले की त्याची तरंगत राहण्याची क्षमता खरंच घटते, काही ग्लायडरना तर उडता उडता पंख पुसणारी यंत्रणा बसवलेली असते. पवनचक्क्यांची पाती किड्यांनी माखली की वीज कमी बनते. पण त्या पंखांवरून हवा मुद्दाम शांत, एकावर एक सरकत्या थरांसारखी वाहवली जाते, आणि एक किडा हा शांतपणा मोडायला पुरतो. गाडीच्या बाबतीत हवा नंबरप्लेट, जाळी, बोनेटची फट आणि वायपर ओलांडतानाच ढवळून निघालेली असते. मोडायला शांतपणा शिल्लकच नसतो.

उलट्या बाजूची समजूतही ऐकू येते: गोल्फच्या चेंडूवर खळगे असतात म्हणून तो लांब जातो, तेव्हा खडबडीत गाडीही चांगली पळेल. खळग्यांमुळे चेंडूचा हवेचा विरोध साधारण निम्मा होतो हे खरं. पण चेंडू गोल आणि लहान आहे. त्याच्याभोवतीची शांत हवा लवकर सुटते आणि मागे मोठी पोकळी करते. खळगे हवेला ढवळतात आणि ती चेंडूला जास्त वेळ धरून राहते. गाडीवरची हवा आधीच ढवळलेली, आणि ती कुठून सुटणार हे डिक्कीच्या कडेनं ठरवलेलं असतं.

२००९ साली अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमात याची चाचणी झाली होती. मोठ्या सेडानवर जाड चिखल फासून हायवेच्या वेगात चालवली तर गॅलनला २४ मैल, तीच धुऊन २६ मैल. आपल्या हिशेबात लिटरला साधारण १०.२ आणि ११ किमी. नंतर त्याच गाडीवर मातीचा लेप देऊन गोल्फच्या चेंडूसारखे खळगे पाडले तर आकडा २९ च्या वर गेला. हे आकडे इंटरनेटवर सगळीकडे फिरतात आणि त्यांचा अर्थ ‘धुळीनं आठ टक्के ॲव्हरेज जातं’ असा लावला जातो. तसा तो लागत नाही. तिथे धुळीचा थर नव्हता, चिखलाची ढेकळं होती, आणि काही मोजक्याच फेऱ्या घेतल्या होत्या. त्यातून फार तर इतकं म्हणता येतं की मिलिमीटरमध्ये मोजता येणारी घाण हायवेवर हवेला जाणवते.

चिखल मात्र वेगळा

आपली काळी माती पाणी पिते तशी फुगते आणि कशालाही चिकटते. बुटीबोरी किंवा कळमेश्वरच्या बाजूला पावसात कच्च्या रस्त्यावरून शेतापर्यंत जाऊन आलेल्या गाडीच्या चार मडगार्डांत, खालच्या कव्हरवर आणि रिमच्या आत मिळून सहज दहा-बारा किलो माती निघते. वजनाचा नियम असा: सुमारे ४५ किलो जादा वजनाला एक टक्का इंधन जास्त लागतं. म्हणजे दहा किलो चिखलाला पाव टक्क्याच्या आत. लिटरमागे चाळीसेक मीटर.

वजनापेक्षा त्रासदायक आहे ती त्याची जागा. रिमच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी चिकटलेला पावशेर चिखल चाकाचा तोल बिघडवतो आणि ८०-९० च्या वेगात स्टिअरिंग थरथरायला लागतं. लोक अलाइनमेंट-बॅलन्सिंगला पैसे देतात, आणि दुकानातही घाईत चिखलासकट बॅलन्सिंग होतं. पुढच्या पावसात माती धुऊन गेली की वजनं चुकीच्या जागी राहतात. बॅलन्सिंगच्या आधी रिम आतून धुतलेला असलाच पाहिजे.

हा चिखल काढायची रीत: गाडी सावलीत लावा, साध्या पाण्याच्या पाइपनं चारही पोकळ्या भिजवा आणि दहा-पंधरा मिनिटं तसंच सोडा. वाळलेली काळी माती कोरडी खरवडली तर प्लास्टिकचं अस्तर आणि खालचा गंजरोधक थर घेऊनच निघते. मग स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवून उजव्या आणि डाव्या चाकामागे पाणी मारा, पूर्ण उजवीकडे फिरवून पुन्हा मारा. उरलेलं लाकडी चिमट्यानं किंवा हातानं काढा, स्क्रू-ड्रायव्हरनं नाही. चाकाजवळ एबीएसच्या सेन्सरची बारीक वायर असते, तिला ओढू नका. दरवाजांच्या खालच्या कडेला पाणी निघायला लहान भोकं असतात, ती काडीनं मोकळी करा. ती बुजली की दरवाजा आतून गंजतो, आणि ते नुकसान पेट्रोलच्या कितीतरी पट असतं.

इंजिनाखालचं प्लास्टिकचं कव्हर बघून घ्या. मोठ्या गतिरोधकाला घासून त्याची एखादी क्लिप तुटते, ते लोंबायला लागतं, आणि मग कोणीतरी ते काढूनच टाकतं. त्यानं खालची हवा जास्त ढवळते आणि पुढच्या पावसात चिखल थेट इंजिनाच्या पट्ट्यांपर्यंत उडतो. तुटलेली क्लिप बदलायचा खर्च किरकोळ आहे.

उन्हाळ्यात खरा चोर बोनेटच्या पुढच्या जाळीमागे

नागपुरातल्या प्रत्येक घराला कूलरच्या ताट्यांचं, म्हणजे त्याच्या बाजूंच्या ओल्या पॅडचं, ज्ञान आहे. ताट्या मातीनं-क्षारांनी गच्च झाल्या की पंखा कितीही फिरो, हवा गरमच. गाडीच्या एसीचा कंडेन्सर असाच बुजतो. रेडिएटरच्या पुढे, जाळीच्या मागे लागून असलेली ही बारीक ॲल्युमिनियमच्या पाकळ्यांची जाळी. केबिनमधली उष्णता इथून बाहेर फेकली जाते. धूळ, किडे, कापसाचे तंतू, पळसाचा पाचोळा, प्लास्टिकच्या पिशव्यांचे तुकडे सगळं इथेच येऊन अडकतं.

बाहेर ४५ अंश असताना कंडेन्सरमधला गॅस ६०-६५ अंशांपर्यंत तापल्याशिवाय उष्णता बाहेर टाकूच शकत नाही. पाकळ्या बुजल्या की त्याला आणखी तापावं लागतं, दाब वाढतो, कॉम्प्रेसरला तो दाब ढकलायला जास्त ताकद लागते आणि तो बंद होण्याऐवजी चालूच राहतो. ती ताकद इंजिन देतं. कडक उन्हात लहान अंतरासाठी एसी इंधनाचा वापर पाव हिश्श्यानं किंवा त्याहूनही वाढवू शकतो, असं अमेरिकी सरकारची इंधन बचतीची मार्गदर्शिका सांगते. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, धंतोलीहून सिव्हिल लाइन्सला जाणं म्हणजे नेमकी हीच परिस्थिती. धुळीच्या अर्ध्या टक्क्याशी तुलना करा, म्हणजे फडकं कुठे मारायचं हे लक्षात येईल.

कंडेन्सर बुजल्याची खूण अशी: गाडी चालती असताना एसी चांगला थंड, पण सिग्नलला दोन मिनिटं थांबलं की कोमट हवा. चालताना समोरून वारा जोरात शिरतो म्हणून निभावतं, थांबल्यावर फक्त पंख्यावर भिस्त असते. हीच खूण पंखा कमजोर झाल्याचीही असते, तेव्हा आधी साफ करा आणि मग पंख्याकडे वळा. गॅस कमी झाला असं समजून थेट गॅस भरून घेऊ नका. बुजलेल्या कंडेन्सरवर जादा गॅस भरला तर दाब आणखी चढतो.

साफसफाई वर्षातून दोनदा, मार्चअखेर आणि दिवाळीनंतर. इंजिन पूर्ण थंड असावं, कारण कित्येक गाड्यांत चावी बंद असली तरी पंखा अचानक सुरू होतो. बोनेट उघडून जाळीतून टॉर्च मारा. मोठा कचरा हातानं काढा. मऊ रंगाच्या ब्रशनं पाकळ्या ज्या दिशेनं उभ्या आहेत त्याच दिशेनं हलकेच झाडा, आडवं घासलं की त्या दुमडतात आणि हवा कायमची अडते. नंतर बागेच्या साध्या पाइपनं सरळ, काटकोनात पाणी सोडा. जमेल तिथे आतून बाहेर, म्हणजे इंजिनाकडून पुढे. समोरून मारलेलं पाणी कचरा आणखी आत, कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत ढकलतं. वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशर गन इथे मारू नको असं आधीच सांगा, तिनं पाकळ्या सपाट होतात. अनेक वर्षं न उघडलेल्या गाडीत त्या मधल्या फटीत नमद्यासारखा गच्च थर सापडतो. तो काढायला पुढचा बंपर उतरवावा लागतो, ते काम मेकॅनिककडेच द्या.

उन्हात उभी गाडी लगेच एसी लावून निघू नका. सगळे दरवाजे मिनिटभर उघडा, पहिला अर्धा किलोमीटर काचा खाली ठेवा, मग एसी आणि आतलीच हवा फिरवणारं बटण. आतली कोंडलेली हवा बाहेरच्या ४५ अंशांहून खूपच जास्त तापलेली असते, ती थंड करण्यापेक्षा बाहेर घालवणं सोपं.

एअर फिल्टरबद्दलचा जुना सल्ला

‘फिल्टर चोंदला की ॲव्हरेज पडतं’ हे कार्ब्युरेटरच्या जमान्यात खरं होतं. हवा कमी आणि पेट्रोल तेवढंच, त्यामुळे मिश्रण घट्ट होऊन काळा धूर यायचा. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत सेन्सर किती हवा आली ते मोजतात आणि संगणक तेवढंच पेट्रोल सोडतो. हवा कमी आली तर तुम्ही नकळत ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबता, एवढंच. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेनं २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर चोंदवून हे तपासलं. इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांच्या ॲव्हरेजमध्ये लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही, पिकअप मात्र घटला.

याचा अर्थ फिल्टरकडे दुर्लक्ष करा असा अजिबात नाही. नागपूरच्या धुळीत आणि राखडीत कडक सिलिका असते. फिल्टर फाटलेला असेल किंवा डबीत नीट बसलेला नसेल, तर हे कण सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा आणि भिंती घासतात. दोन-तीन वर्षांत कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, उतरतं, गाडी ऑइल खाते, आणि तेव्हा पडलेलं ॲव्हरेज फिल्टर बदलून परत येत नाही. म्हणून चोंदलेल्या फिल्टरपेक्षा चुकीचा बसलेला फिल्टर जास्त घातक. डबी उघडली की फिल्टरच्या पलीकडची, इंजिनाकडची नळी पांढऱ्या कपड्यानं आतून पुसून बघा. कपड्यावर माती आली तर धूळ कुठूनतरी वाट काढते आहे.

कागदी फिल्टर कधीही धुवायचा नाही. हलकेच आपटायचा, उजेडासमोर धरून बघायचा. कॉम्प्रेसरची हवा मारायचीच तर स्वच्छ बाजूनं, लांबून आणि कमी दाबानं. मळक्या बाजूनं मारली तर कागदाला डोळ्याला न दिसणारी भोकं पडतात. गाडीच्या मॅन्युअलमध्ये धुळीच्या भागासाठी कमी अंतराचा वेगळा तक्ता असतो. नागपूरकरांनी तोच आपला समजावा.

जुन्या बाइक आणि स्कूटरला मात्र जुना सल्ला अजून लागू आहे. एप्रिल २०२० मध्ये बीएस-सहा हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला, त्याआधीच्या बहुतेक दुचाकी कार्ब्युरेटरवर आहेत. त्यांचा फिल्टर चोंदला की ॲव्हरेज खरंच उतरतं. बाइकची उघडी चेनही धुळीनं जड होते. दर ५००-६०० किमीला केरोसिन आणि ब्रशनं ती साफ करावी, कोरडी पुसावी, ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूनं लावावं आणि जादा ऑइल पुसून घ्यावं. ऑइल थबथबलेलं ठेवलं तर धूळ त्यावर आणखी बसते आणि काळं, घासणारं मलम तयार होतं.

ब्रेक धरून ठेवणारी माती

पावसाळ्यानंतर अचानक ॲव्हरेज लिटरमागे एक-दोन किमी पडलं तर पहिली शंका इथे घ्या. डिस्क ब्रेकचे पॅड धरणारा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. रबरी टोपी फाटून त्यांत चिखल गेला की पिना अडकतात, आणि पाय काढला तरी पॅड डिस्कला घासत राहतं. गाडी चोवीस तास हलका ब्रेक लावून चालते म्हणा ना. मागच्या ड्रममध्ये आणि हँडब्रेकच्या केबलमध्येही हेच होतं.

ओळखायला उपकरण लागत नाही. पाच-सहा किमी शक्य तितका कमी ब्रेक लावत चालवा, थांबा आणि चारही रिमजवळ तळहात न्या. डिस्कला हात लावू नका, भाजेल. पुढची दोन चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच. पण डाव्या-उजव्यात ठळक फरक असेल, किंवा एका चाकातून जळका वास येत असेल, तर ते चाक अडकतं आहे. मेकॅनिककडे पिना काढून, साफ करून, ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावून घ्या. साधं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पिना पुन्हा अडकतात. ड्रममधली काळी भुकटी फुंकून उडवू देऊ नका, ती फुप्फुसात जाते. ओल्या कापडानं पुसावी.

टायरचा व्हॉल्व्ह

दहा रुपयांची प्लास्टिकची टोपी हरवते आणि आपण ती पुन्हा लावत नाही. व्हॉल्व्हच्या आत माती जाते, हवा भरताना ती सीलवर बसते आणि टायरमधून हवा हळूहळू निसटत राहते. चारही टायरचा दाब सरासरी १ पीएसआयनं उतरला की ॲव्हरेज साधारण ०.२ टक्का जातं. ३३ ऐवजी २५ असेल तर दीड टक्क्याच्या वर, म्हणजे धुळीच्या सगळ्यात वाईट अंदाजाच्या दुप्पट. शिवाय टायरच्या कडा झिजतात, आणि मेच्या दुपारी समृद्धीच्या काँक्रीटवर १२० नं जाताना कमी हवेचा टायर तापून फुटू शकतो. त्यापुढे पेट्रोलचा विषय फारच लहान आहे.

हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. दर ५-६ अंशांच्या फरकाला १ पीएसआय बदलतो, त्यामुळे दुपारी चालून आलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय जास्त दिसणं स्वाभाविक आहे. ते जास्त आहे म्हणून काढू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेचा होईल. आणि चारही टोप्या लावून घ्या.

आता धुण्याबद्दल

पेट्रोलसाठी नसली तरी गाडी धुवायला हवीच, कारण राखड आणि चिखल रंग खातात. पण राखडीनं भरलेली गाडी कोरड्या फडक्यानं पुसणं म्हणजे बारीक पॉलिश पेपर घासणं आहे. रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४०-५० मायक्रॉनचाच असतो. आधी पाणी सोडून धूळ वाहू द्या, मगच कापड लावा. दोन बादल्या पुरतात: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत कापड खळबळायला साधं पाणी, वरून खाली, चाकं शेवटी. मेमध्ये पाइप सोडून गाडी धुवू नका. ते पाणी पेंच आणि कन्हानमधून येतं आणि उन्हाळ्यात वस्त्यांना कमी पडतं.

पेट्रोलच वाचवायचं असेल तर छपरावरच्या कॅरिअरकडे बघा. पचमढीला जाताना बांधलेला मोठा, बोथट बॉक्स शहरात २ ते ८ टक्के, हायवेवर ६ ते १७ टक्के आणि शंभरच्या पुढच्या वेगात १० ते २५ टक्के इंधन खातो. तेच सामान डिक्कीत मावलं तर फक्त वजनाचा एखादा टक्का. सहलीहून आल्यावर रिकामा कॅरिअरही उतरवून ठेवा.

सर्व्हिसिंगहून आलेली गाडी हलकी का वाटते, तेही आता कळतं. तिथे टायरमध्ये हवा भरलेली असते, ऑइल नवं असतं, ब्रेक साफ केलेले असतात. श्रेय मात्र दिसणाऱ्या चकाकीला जातं.

स्वतः मोजायचं असेल तर एकाच पंपावर, त्याच नोझलनं, पहिल्या आपोआप बंद होण्यापर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ३०० किमी चालवा, तशीच टाकी भरा आणि अंतराला लिटरनं भागा. नोझल थोडं आधी-नंतर बंद झालं तरी अर्ध्या लिटरचा फरक पडतो, वीस लिटरमागे तो अडीच टक्के होतो. ८० किमीला समोरून ताशी १० किमीचा वारा असेल तर हवेचा विरोध सव्वापट होतो. हिवाळ्यातल्या पहाटेच्या दाट हवेपेक्षा मेच्या दुपारची विरळ हवा साधारण दहा टक्के कमी अडवते. म्हणून एका टाकीवरून काहीच ठरवू नका, सलग तीन टाक्यांची सरासरी काढून वहीत लिहा. ती मागच्या तीन टाक्यांपेक्षा पाच टक्क्यांहून जास्त पडली, तर सकाळी टायरची हवा बघा, मग रिमजवळ तळहात न्या, आणि उन्हाळा असेल तर टॉर्च घेऊन जाळीमागे डोकवा.